गंजलेली चासी: जागेवर पॅच मारायचा की बॉडी उतरवायची?

जुन्या गाडीखाली आडवं होऊन चासीला, म्हणजे बॉडीखालच्या पोलादी सांगाड्याला, स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि तो सरळ आत गेला, तर मार्ग दोनच. बॉडी आहे तशी ठेवून खालून कुजलेला भाग कापायचा आणि नवा पत्रा जोडायचा, नाहीतर बॉडी उचलून बाजूला ठेवायची आणि उघड्या चासीवर काम करायचं. मित्रांना हाताशी धरून मी दोन्ही केलंय, आणि तेही एकाच गाडीवर, कारण पहिला मार्ग फसला.

ही निवड वेगळी चासी असलेल्या गाड्यांपुरतीच आहे. जुनी लँड रोव्हर किंवा 1959 साली आलेली ट्रायम्फ हेराल्ड ही त्याची उदाहरणं. बीटलचा तळही बोल्ट काढले की बॉडीपासून सुटतो. मॉरिस मायनर किंवा जुनी मिनी मात्र मोनोकॉक. तिथे बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे पॅचशिवाय इलाज नाही.

निर्णयाआधी लहान हातोडी घेऊन चासीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जा. शाबूत पोलाद खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. चासीचे लांब मेंबर, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या तुळया, बहुतेक वेळा पेटीसारखे पोकळ असतात. आत चिखल साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर भोक दिसलं, तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं. खुणा एखाद्या आउटरिगरपाशी (चासीतून बाजूला निघालेला, बॉडीला आधार देणारा हात) किंवा मागच्या क्रॉस मेंबरपाशीच (आडवी तुळई) थांबल्या, तर जागेवरची दुरुस्ती पुरते. स्प्रिंग जिथे चासीला टांगलेली असते त्या हँगरभोवती आणि बॉडी जिथे बोल्टने बसते त्या माउंटखाली खुणा आल्या, तर माझं मत स्पष्ट आहे: बॉडी उतरवा.

जागेवर काम करण्याचे फायदे खरे आहेत. गाडी कमी उघडावी लागते, दारांची गॅप हलत नाही, दोघांत काम चालतं. पण चासीची वरची बाजू बॉडीला चिकटून असते, तिथे ना ग्राइंडर पोचतो ना डोळा. आमची चूक इथेच झाली. आउटरिगरला खालून आणि बाजूने सुरेख पॅच मारला, वरचा पत्रा दिसतच नव्हता म्हणून धरून चाललो की तो चांगला असणार. दीड वर्षात पॅचच्या कडेला चीर गेली. नवा पत्रा मजबूत होता, ज्याला जोडला तो कागदासारखा झालेला.

शिवाय वेल्डिंग डोक्याच्या वर, आणि ठिणग्या अंगावर. बॅटरीची जोडणी काढायची, पेट्रोलची टाकी उतरवून लांब न्यायची. रिकामी टाकी आतल्या वाफेमुळे जास्तच धोक्याची. एक मित्र अग्निशामक घेऊन गाडीच्या आत बसलाच पाहिजे, कारण खाली वेल्ड चालू असताना वर कार्पेट धुमसतं आणि खालच्याला पत्ता नसतो. काम थांबल्यावरही त्याने अर्धा तास तिथेच थांबावं.

बॉडी उतरवायला मात्र माणसं लागतात. आम्ही आठ जण होतो. आठवडाभर आधीपासून माउंटच्या बोल्टना रोज गंज सोडवणारं तेल पाजलं, तरी दोन तुटलेच. प्रत्येक माउंटखालचे रबर आणि शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) वेगळ्या पिशवीत, वर जागा लिहून. शिमची संख्या चुकली तर दारं नीट बसत नाहीत. गाडी उघड्या टपाची असेल तर दाराच्या पोकळीत आधी आडवी पट्टी वेल्ड करा, नाहीतर उचलताना बॉडी मधोमध वाकते.

उचलताना आकडे एकानेच मोजायचे, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. चार बोटं वर आलो आणि मोजणारा ओरडला, ‘थांबा!’ इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची (विजेच्या जोडणीची) पट्टी तारेसारखी ताणली गेली होती. सगळे तसेच उभे राहिले, एकाने हात घालून बोल्ट सोडवला, मगच पुढचे आकडे.

चासी उघडी झाली की कामाचा रंगच पालटतो. ती समपातळीत स्टँडवर ठेवून कर्णांची, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची, मापं घ्या आणि प्रत्येक पॅचनंतर पुन्हा ताडून पाहा. पॅचचा पत्रा मूळ जाडीचाच हवा. शाबूत जागी व्हर्नियर लावून मोजा. जास्त जाड पत्र्याने बळकटी वाढत नाही, ताण शेजारच्या पातळ भागावर जातो. आधी वेल्डचे छोटे टाके, मग इंचभराचे वेल्ड आलटून पालटून, मधे थंड होऊ देत. ही वेल्ड हात बसलेल्यानेच करावी. मित्रांपैकी तसा कोणी नसेल तर पैसे देऊन जाणकार आणा. स्टीअरिंग आणि सस्पेन्शन याच पोलादावर टांगलेलं असतं. घासणं, पोपडे काढणं, प्रायमर मारणं ही कामं गॉगल आणि मास्क लावून कोणीही करेल. गंज बदलणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वरवरच्या गंजाला चालतं, गेलेलं पोलाद ते परत आणत नाही. रंगानंतर पोकळ मेंबरच्या आत मेण फवारायचंच.

नवीन चासीचा विचार दोन्ही लांब मेंबर गेले असतील तरच करा, आणि त्याआधी नोंदणी कार्यालयात चासी नंबरचे नियम विचारा.

निवड करताना मित्रांचा वेळही मोजा. जागेवरच्या कामाला एकच मित्र लागतो, पण कित्येक रविवार, आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी तो येईनासा होतो. बॉडी उतरवण्याला आठ जण लागतात, पण दोनच दिवस: एक उचलायचा, एक परत बसवायचा. मधलं काम दोघे निभावतात. आम्ही दुसऱ्या दिवसाची तारीख पहिल्याच दिवशी, बॉडी ओंडक्यांवर टेकल्यावर, आठही जणांकडून घेतली होती.