ट्रायम्फच्या कॅमचे मार्क जुळत नाहीत म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी हे वाचा

ज्यांच्याकडे जुनी इंग्लिश ट्विन सिलेंडर मोटरसायकल आहे आणि मुंबईत कोणाकडे तरी कामाला टाकायचीय त्यांच्यासाठी लिहितोय. माझी १९६८ ची ट्रायम्फ ६५० आहे, मामाची, आता माझ्याकडे आलीय. तिच्यापायी माझे ३४ हजार गेले, २८ गिअर सेटचे आणि ६ कस्टमचे म्हणून.

तक्रार साधी होती. गाडी गरम झाली की सिग्नलला रेस खाली यायची नाही आणि किक मारली की मधूनच पाय उलटा फेकायची. कुर्ल्याच्या बाजूला एक जण जुन्या इंग्लिश गाड्या करतो असं कळलं, नाव लिहीत नाही. त्याने गाडी थोडा वेळ चालू ठेवली, कान लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहब, कॅम टायमिंग घसर गया है." (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, तो इंजिनाच्या मुख्य दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, ठरलेल्या वेळेत फिरायला हवा. ते जुळवण्यासाठी गिअरवर डॉट, म्हणजे मार्क, असतात.) मग प्लग काढले, उजव्या बाजूचं टायमिंग कव्हर उघडलं, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवत मला वाकून बघायला लावलं. "ये डॉट देखो यहाँ, और ये देखो वहाँ. दात घिस गये." खरंच जुळत नव्हते. परत फिरवलं, परत नाही. आता डोळ्यासमोर दिसतंय म्हटल्यावर माणूस काय वाद घालणार, मी फक्त मोबाइलवर दोनचार फोटो काढले आणि अॅडव्हान्स दिला.

तर आता त्याची ट्रिक काय आहे ते नीट समजून घ्या. या इंजिनात क्रँकचं पिनियन, म्हणजे छोटा गिअर, २५ दातांचं, मधला आयडलर ४७ दातांचा आणि दोन्ही कॅमचे गिअर ५०-५० दातांचे. हा ४७ चा आकडा मुद्दाम २५ आणि ५० शी मेळ न बसणारा ठेवलाय, म्हणजे दर वेळी तेच दात एकमेकांवर येत नाहीत आणि झीज सगळीकडे सारखी होते. पण त्यामुळे होतं काय, की मार्क एकदा जुळवून इंजिन फिरवलं की ते सगळे परत एकत्र यायला क्रँकचे तब्बल ९४ फेरे लागतात. म्हणजे अगदी ठणठणीत इंजिन असलं तरी कव्हर उघडल्यावर मार्क जुळलेले दिसतील याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्याने माझ्यासमोर फार तर दहाबारा फेरे फिरवले असतील. दिवसभर फिरवत बसला असता तर जुळलेच असते की!

आणि दुसरं, टायमिंग "घसरतं" ते चेनवाल्या इंजिनात, चेन ढिली होऊन दात उडी मारतो. इथे चेनच नाही, गिअरला गिअर भिडलेत. दात तुटल्याशिवाय किंवा गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी चावी (छोटी पाचर) कापली गेल्याशिवाय काही सरकत नाही. एक दात चुकला तरी क्रँकवर १४.४ डिग्रीचा फरक पडतो, तो काही लपून राहत नाही. टायमिंग खरंच तपासायचं तर टॅपेट क्लिअरन्स सेट करून, क्रँकला डिग्री डिस्क लावून, डायल गेजने व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते बघावं लागतं. नुसते डॉट दाखवणाऱ्याकडे या दोन वस्तू आहेत का एवढं विचारा, चेहरा बघा त्याचा.

पुढे ठरलेली स्टोरी. सेट इंग्लंडहून मागवलाय, मग पार्सल सहारला कस्टममध्ये अडकलंय, ६ हजार भरा. व्हॉट्सॲपवर एका खोक्याचा फोटो आला, त्यावर नाव ना पत्ता. कस्टम भरलं की बिल ऑफ एंट्रीचा कागद मिळतो, तो मी मागितला तर "एजंट के पास है".

गाडी हातात देताना कव्हर उघडंच ठेवलं होतं, सगळे मार्क एका रेषेत, गिअर चकचकीत. बघून बरं वाटलं, खोटं का बोला. पण रेसची तक्रार जशीच्या तशी, वर नवीनच दुखणं, गाडी चार दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळात, उतरायचं आणि चालू केली की नळीतून निळा धूर, शेजारचे खिडक्या लावायला लागले.

शेवटी गिरगावातल्या एका काकांकडे नेली. त्यांनी कव्हर काढलं आणि आधी काही बोललेच नाहीत, खाली साचलेलं ऑइल बोटावर घेऊन अंगठ्याने चोळलं. राखाडी कचकच. "एमरी पेपरने घासलेत रे गिअर. आणि धुतलेसुद्धा नाहीत." मग माझा जुना फोटो मोठा करून बघितला, आयडलरवर एका दाताच्या मुळाशी अर्धचंद्रासारखा छोटा टवका होता. समोरच्या "नवीन" आयडलरवर तोच टवका, त्याच जागी! कॅमच्या नटांवर छिन्नीचे ताजे घाव. ते नट उलट्या आट्यांचे असतात, हा बाबा सरळ आटे समजून हाणत बसलेला. ऑइल पंप तिथेच, इनलेट कॅमच्या नटावरच चालतो, त्याच्या ऑइल अडवून धरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हखाली एमरीची कच अडकली आणि ऑइल उतरायला लागलं.

आणि मूळ रोग? प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या मागे ऑटो अॅडव्हान्स युनिट असतं, रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारं, त्याच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या, काही शे रुपयांचं काम. सगळ्यात संताप याचा की ते युनिट एक्झॉस्ट कॅमच्या टोकालाच बसतं, ते काढल्याशिवाय टायमिंग कव्हर निघतच नाही. म्हणजे रोग त्याच्या हातात होता आणि त्याने तो तसाच परत बसवला.

तेव्हा गाडी देण्याआधी आतल्या पार्टचे जवळून फोटो काढून ठेवा, जमलं तर गिअरच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या, आणि बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा, "भंगारात गेले" ऐकून घेऊ नका. बिल घ्याच. माझ्याकडे फक्त यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲप चॅट आहेत, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. तक्रारीचा नंबर पाठवल्यावर कस्टमचे ६ हजार गुपचूप परत आले, बाकीचे "अगले हफ्ते".

परवा ओपेरा हाउसला पार्ट घ्यायला गेलो तर आरडी ३५० वाला एक पोरगा भेटला, त्यालाही याच माणसाने कॅम टायमिंगचे ९ हजार सांगितले होते. आरडी टू स्ट्रोक आहे हो, तिच्यात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमच नसतो.