पोस्टपेड फॅमिली प्लॅन: वर्षभर वापरल्यानंतर

नेटवर्कबद्दल माझी फारशी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात घरी आणि ऑफिसात रेंज चांगली आहे. कोरेगावला बाबांकडे नेट संथ चालतं, पण फोन लागतो आणि मध्येच तुटत नाही. खंबाटकीत रेंज जाते, ती सगळ्यांचीच जाते. नेटवर्कला पाचपैकी चार तारे. सेवेला मात्र एक देतानाही जिवावर येतंय.

प्लॅन घेतला तो रिचार्जच्या कटकटीला कंटाळून. प्रीपेडचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, आणि आमच्या घरात ते तीन नंबरांचे. निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, असं ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं, पण तो प्लॅन ॲपमध्ये शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा एकच बिल बरं, असं वाटलं. पहिले काही महिने खरंच बरं गेलं.

मग एका बिलात बाबांच्या नंबरापुढे ९९ रुपये जास्तीचे दिसले. कसल्याशा गेम्सच्या सेवेचे. मागचं बिल उघडलं, तर त्यातही होतेच. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, मला पत्ते पिसता येत नाहीत, मी गेम कुठला खेळतोय?" रक्कम फुटकळ असते म्हणूनच हा धंदा चालतो. नऊशे लावले असते तर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती.

आता यावर नियम नाही असं नाही. अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यायचा, हा ट्रायचा आदेश २०१३ सालचा आहे. सेवा बंद करायला १५५२२३ हा टोल-फ्री नंबर आहे. त्यावरून ती लगेच बंद झाली, हे कबूल. खरा तमाशा सुरू झाला तो पैसे परत मागितल्यावर.

कस्टमर केअरला फोन लावा. बिलाच्या तक्रारीसाठीचं बटण दाबलं की तो आवाज तुम्हाला बिलाची रक्कम वाचून दाखवतो, भरण्याची शेवटची तारीख सांगतो आणि धन्यवाद म्हणून फोन ठेवून देतो. ॲपमधला चॅटबॉट 'मला पैसे परत हवेत' असं लिहिलं की बिल भरायची लिंक पाठवतो. चिकाटी धरली तर कधीतरी माणूस भेटतो. माणूस नम्र असतो, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो आणि म्हणतो, "सर, आपल्या नंबरवरून कन्सेंट आलेला दिसतोय." कधी आला, कसा आला, मला पाठवा, म्हटलं की, "तो ॲक्सेस आमच्याकडे नसतो." त्या पोरांवर राग काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच ते बोलतात.

म्हणून दुकानात गेलो. बाहेर झगझगीत बोर्ड, आत टोकन. टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टॅबवर तेच ॲप उघडलं आणि त्याच चॅटबॉटला माझी तक्रार टाइप करून दिली! नवं सिम हवं असतं तर काही मिनिटांत मिळालं असतं. बिलाला हात लावायची सोय तिथे कोणालाच नव्हती.

सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे तो मेसेज: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' पैसे आलेले नसतात, कोणाचा फोन आलेला नसतो, पण निराकरण झालेलं असतं. पुन्हा फोन केला की नवी तक्रार, नवा क्रमांक, आणि रामायण पहिल्यापासून. आत कुठेतरी कोणाचं तरी काम बंद झालेल्या तक्रारींवर मोजलं जात असणार, असा माझा संशय आहे. सुटलेल्या तक्रारी कोणी मोजत नसावं.

त्यामुळे पहिल्या फोनपासूनच तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, पण २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपिलाची सोय ठेवावी लागते. फी नाही, वकील नको, ईमेल चालतो, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपील ऐकणारा अधिकारी कंपनीचाच असतो, ही त्यातली गोम. तरी मी एवढंच लिहिलं: दोन्ही होकारांची तारीख, वेळ आणि नोंद पाठवा. नोंद आजतागायत आली नाही. पैसे मात्र पुढच्या बिलात वळते झाले, 'सद्भावना म्हणून'. माझेच पैसे, आणि सद्भावना यांची!

एवढं होईपर्यंत बाबांचा नंबर पोर्ट करायचं ठरलं होतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर मेसेज करायचा, कंपनी बदलायला लागणारा आठ अक्षरी कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. पोस्टपेडवाल्यांना यात एक मेख आहे, ती कोणी आधी सांगत नाही. मुदत उलटून गेलेल्या बिलाची थकबाकी असेल तर कोडच मिळत नाही. म्हणजे वादातले पैसे अडवून धराल तर निघता येणार नाही, आणि निघायचं तर ते आधी भरा. आम्ही भरूनच भांडत होतो, म्हणून सुटलो. आणखी एक: १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही. फसवणूक रोखायला आणलेला तो नियम मला पटतो. पण दुकानातून 'सिम बदलून बघा' असा सल्ला मिळाला तर हे लक्षात असू द्या.

कोड मागितला आणि काही तासांत कंपनीचा फोन आला, तोही चक्क मराठीतून! "साहेब, काय अडचण झाली?" प्लॅनच्या भाड्यात सवलत, जादा डेटा, सगळं देण्याचे अधिकार या बाईंकडे होते. इतके दिवस हे अधिकार कुठे होते, विचारलं. त्यांनी सवलत आणखी वाढवली.

ग्राहक मंचाबद्दलही (आता त्याला ग्राहक आयोग म्हणतात) सांगतो, कारण 'टेलिकॉमला ग्राहक न्यायालय चालत नाही' असं अजून ऐकवलं जातं. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे तसं धरलं जायचं. पुढे अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचं बिल महिन्याला साधारण साडेपाचशे यायचं, २०१३ मध्ये चोवीस हजारांवर बिल आलं. तो मंचात गेला. मंचाला हे प्रकरण ऐकता येतं, एवढंच ठरायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. पण ठरलं एकदाचं. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

सध्या बाबा दुसरीकडे, प्रीपेडवर आहेत. माझा आणि बायकोचा नंबर इथेच आहे, कारण आमच्या सोसायटीत दुसऱ्या कोणाची रेंज लिफ्टच्या पुढे येत नाही. प्लॅन घ्यायचा तर घ्या, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर त्यात घालू नका. आणि बिल आलं की नुसती खालची रक्कम न बघता प्रत्येक नंबरापुढची ओळ वाचा.