अलिबाग की रत्नागिरी? पोरांना घेऊन मे महिन्यात

आम्ही ठाण्यात घोडबंदरला राहतो, पोरं तीन आणि सहा वर्षांची, म्हणजे 'आई, आलं का?' हे खारेगाव टोलनाक्यापासूनच चालू.

अलिबाग शंभरेक किलोमीटर, दोन रात्री पुरतात. पण वडखळच्या ट्रॅफिकमध्ये मागच्या वर्षी धाकटीने उलटी केली ती थेट माझ्या पर्सवर, तेव्हापासून मी म्हणते भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट धरा, गाडीसकट तासाभरात अलिबागजवळचं मांडवा, आणि पोरं समुद्र बघत गप्प बसतात (अर्धा वेळ तरी). कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, फक्त भरतीची वेळ आधी विचारून घ्या. वीकेंडला मात्र बीचवर एवढी गर्दी की पोरगं हातातून सोडायची हिंमत होत नाही.

रत्नागिरीला जनशताब्दी ठाण्याहूनच मिळते, सकाळी बसलो की दुपारच्या आत पोचतो, बोगदे मोजण्यात मोठ्याचा वेळ मस्त जातो. पण तिकीट साठ दिवस आधी उघडतं आणि मेचं लगेच संपतं. तिथे मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडा बघून मोठा दहा मिनिटं बोललाच नाही, हे आमच्याकडे रेकॉर्ड. १९१० चा थिबा पॅलेस आमच्या दोघांसाठी. आणि झाडाखाली बसून हापूस! कमीत कमी तीन रात्री हव्यातच, नाहीतर नुसती दमणूक.

आमचं यंदा रत्नागिरीच, सासूबाई पण येतायत.