लाकडी टॅनग्राम: उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांसाठी घेतलेला सगळ्यात भारी खेळ

पोरांच्या डोक्याला चालना म्हणून दुकानात हजार-हजारच्या पेट्या दाखवतात, पण मी सांगते, आधी साधा लाकडी टॅनग्राम घ्या. जळगावला फुले मार्केटजवळच्या एका दुकानात दोनशेच्या आत मिळाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोयच नाही, मग घरात मोबाईल नाहीतर भांडण.

खेळ मूळचा चीनचा. एका चौकोनाचे ७ तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन छोटे, एक चौरस आणि एक तिरका चौकोन म्हणजे शाळेतला समांतरभुज चौकोन. सातही वापरायचे, एकावर एक ठेवायचा नाही, आणि पुस्तिकेतली मांजर, बदक, घर असं बनवायचं, बस एवढाच नियम.

खरी मजा तो तिरका चौकोन करतो, कारण बाकीचे सगळे तुकडे नुसते फिरवले तरी काम होतं, याला कधीकधी पलटी करावं लागतं. पुतण्या पाचवीत आहे, तो किती वेळ एकाच मांजरीच्या शेपटीवर अडकला होता, "काकू हा बसतच नाही", आणि माझ्या तोंडावर उत्तर आलेलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "दखाडू नको वं, त्याले करू दे." थोड्या वेळाने त्यानेच तुकडा पालथा केला आणि जो ओरडला ना! तेव्हापासून घरात कोणी उत्तर सांगत नाही, फक्त विचारायचं, कसं केलं रे?

माझी मुलगी दुसरीत. तिला न शिकवता कळलं की दोन छोटे त्रिकोण जोडले की चौरस होतो, तेच वेगळे लावले की मधला त्रिकोण होतो आणि तिरका चौकोनपण होतो. म्हणजे तिन्हींची जागा सारखीच! मग आम्ही मोजलं, छोटा त्रिकोण १ धरला तर हे तिघं २-२, मोठे ४-४, सगळे मिळून १६. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा सोपं काय पाहिजे, मला तर फार आवडलं हे.

आता तक्रार. पुस्तिकेत चित्राच्या मागच्याच पानावर उत्तर छापलंय आणि कागद इतका पातळ की उजेडात आरपार दिसतं. दुसरं म्हणजे तुकडे रंगीत आणि उत्तरंही त्याच रंगात, त्यामुळे पोरं विचार न करता रंग जुळवत बसतात. मी उत्तराची पानं फाडून कपाटात ठेवली, चित्रांची काळी सावली तेवढी वहीत गिरवून दिली, मग खेळाला जोर आला. एका तुकड्याची कड खरखरीत होती, पॉलिश पेपर मारला. घेताना सगळ्या कडांवरून बोट फिरवून बघा आणि एकाच रंगाचा मिळाला तर तोच घ्या. फोमचा पण बघितला होता, पण त्याचे कोपरे लगेच दुमडतात, मग आकार नीट जुळतच नाही, तो नकोच.

घरात अगदी लहान लेकरू असेल तर छोटे त्रिकोण वर उचलून ठेवा, तोंडात घालतात. दुसरी-तिसरीच्या पुढच्यांना बिनधास्त द्या. आणि दोन पोरं असतील तर दोन सेट घ्या, एकावर भांडण होतंच.