स्कॅन माझ्या दातांचा, नाईटगार्ड भलत्याच जबड्याचा

‘तुमच्या दातांचा स्कॅन पाठवा, डिजिटल डिझाईनचा नाईटगार्ड घरपोच मिळवा’ अशी एक जाहिरात सध्या सांगली-मिरज भागात मोबाईलवर फिरतेय. नाईटगार्ड म्हणजे झोपेत दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून दातांवर चढवायचं आवरण. मी त्यांच्याकडे असा गार्ड मागवला, सगळे पैसे आगाऊ दिले, आणि माझ्या हाती जे पडलं ते माझ्या दातांवरून बनवलेलंच नव्हतं. पार्सल उघडलं की ही लबाडी दिसत नाही. गार्ड चकचकीत असतो, छान डबीत येतो. म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहितेय.

मी झोपेत दात खाते. लहान मुलांनी दात खाल्ले की आपल्याकडे ‘पोटात जंत झालेत’ म्हणून औषध पाजतात. मोठ्या माणसाचं कोणी फारसं मनावर घेत नाही. रात्रीची करकर अहोंना ऐकू यायची. मला कळायचं ते एवढंच की सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात आणि तोंड पूर्ण उघडताना जबडा जड वाटतो. पुढे एका दाढेचा कोपराच उडाला, तेव्हा विश्रामबागेतल्या आमच्या डेंटिस्टांकडे गेले. त्यांनी आरशात दाखवलं, दाढांची टोकं झिजून सपाट झाली होती. त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की नाईटगार्डने सवय जात नाही, दातांऐवजी गार्ड झिजतो, इतकाच त्याचा उपयोग. सवयीमागे ताण असतो, जास्तीची चहा-कॉफी असते, दारू असते, नैराश्यावरची काही औषधं असतात, कधी झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असतो. मोठ्याने घोरणाऱ्याने आधी ती तपासणी करून घ्यावी, असंही ते म्हणाले. जाहिरातीत मात्र ‘दात खाणं आणि डोकेदुखी कायमची बंद’ असं लिहिलेलं आहे.

दाढेला कॅप बसवायची होती म्हणून त्यांनी दातांचा स्कॅन घेतला. पूर्वी साच्यात लगदा भरून तो तोंडात दाबायचे आणि माप घ्यायचे. आता कॅमेरा असलेली कांडी दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर जबडा उभा राहतो. वरचा जबडा, खालचा जबडा आणि तोंड मिटून दोन्ही एकमेकांवर कसे बसतात तो चावा, असं तिन्ही घेतात. त्याची एसटीएल फाईल होते, म्हणजे दातांचा पृष्ठभाग लाखो बारीक त्रिकोणांत साठवलेला असतो. मी फाईल मागितल्यावर डॉक्टरांनी खळखळ न करता पेन ड्राईव्हवर दिल्या.

जाहिरातीत आणखी एक ओळ होती : ‘मिरजेच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली.’ बाहेरच्यांना या ओळीचं वजन कळणार नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. आमच्याकडे मिरजेचा डॉक्टर म्हटलं की माणूस निम्मा निर्धास्त होतो. त्या विश्वासाचा यांनी केलेला वापर मला सगळ्यात जास्त लागला. डॉक्टरांचं नाव मी विचारत राहिले, उत्तर यायचं, ‘मॅडम, आमची पूर्ण टीम आहे.’ नाव शेवटपर्यंत मिळालं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं ते असं : खालच्या जबड्याचा गार्ड, कडक रेझिनमध्ये (प्रकाशात घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं रसायन) थ्रीडी प्रिंट केलेला, अडीच मिलिमीटर जाडीचा, किंमत ४,५०० रुपये. त्यांनी फक्त खालच्या जबड्याची फाईल मागवली. ‘वरची आणि चाव्याची पण आहे, पाठवू का?’ असं मी विचारलं, तर ‘गरज नाही’. पैसे यूपीआयने गेले ते दुकानाच्या नावावर नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर. मग डिझाईनचं चित्र आलं. पांढरेशुभ्र दात, त्यावर निळसर पारदर्शक गार्ड, बाजूला मिलिमीटरचे आकडे. ‘अ‍ॅप्रूव्ह करा मॅडम, लगेच प्रिंटिंगला जातं.’

आलेला गार्ड उजवीकडे दाबला की डावीकडे उचलायचा. पुढच्या दातांवर सैल, एका दाढेवर मात्र टोचणारा. तक्रार केल्यावर त्यांनी सांगितलं, गरम पाण्यात बुडवा, तोंडात घाला, जोरात चावा, बसतो आपोआप. बुडवला, आणि तो कातड्यासारखा लवला. चावल्यावर दातांचे नवे ठसे त्यावर उमटले. काही रात्री तसाच वापरला. सकाळचं दुखणं कानशिलावरून मानेपर्यंत उतरलं, तेव्हा गार्ड डबीसकट उचलून डॉक्टरांकडे नेला.

पुढचं मी डॉक्टरांच्या टेबलाशी बसून पाहिलंय आणि या लेखातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

डॉक्टरांनी आधी गार्ड उजेडापुढे धरला. थर चढवत प्रिंट केलेल्या वस्तूवर, नीट पॉलिश केली नसेल तर, बारीक रेघा दिसतात. इथे एकही रेघ नव्हती. जाडी मोजायचं कॅलिपर लावल्यावर दाढांच्या टोकांवर जाडी एक मिलिमीटरसुद्धा भरली नाही, कडेला मात्र त्याहून जास्त. तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढून बसवला की तो उंचवट्यांवर ताणून पातळ होतो, ही त्याचीच खूण. प्रिंट केलेलं काही रेझिनही कोमट पाण्यात थोडं नरम पडतं, पण त्यावर चावून नवा ठसा उमटवता येत नाही. म्हणजे कडक रेझिनच्या नावाखाली मऊ पत्र्याचा तुकडा विकला होता. मऊ गार्ड वाईटच असतो असं नाही, काही जणांना डॉक्टर तो देतातही. पण जोरात दात खाणारा माणूस तो लवकर फाडतो, आणि मी पैसे दुसऱ्या वस्तूचे दिले होते.

मग त्यांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि डिझाईनचं ते चित्र मोठं करून पाहिलं. दात मोजले आणि म्हणाले, ‘ताई, तुमचा ४६ कुठेय?’

दंतवैद्यांच्या मोजणीत ४६ म्हणजे खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ. माझी ही दाढ कॉलेजात असतानाच काढलीय. तिथे फट आहे, आणि मागची दाढ त्या फटीत कलली आहे. माझ्या स्कॅनमध्ये ती फट लख्ख दिसते. डॉक्टरांनी फाईल उघडून शेजारी ठेवली. विक्रेत्याच्या चित्रात मात्र तिथे अख्खी, सुंदर दाढ उभी होती. आलेल्या गार्डमध्येही त्या जागी दाढेचा पूर्ण खोलगट आकार होता, आणि कललेल्या दाढेसाठी जागाच नव्हती. टोचत होतं ते तिथेच. मी पाठवलेली फाईल त्यांनी डिझाईनला वापरलीच नव्हती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गार्डची आतली बाजू आपल्या दातांवर बसते, पण बाहेरच्या बाजूवर समोरचा जबडा टेकतो. दोन्हीकडच्या दाढा एकाच वेळी, सारख्या दाबाने टेकल्या पाहिजेत. समोरचा जबडा आणि चावा हाताशी नसेल तर ही बाजू कशावरून बेतणार? फक्त एक फाईल मागणाऱ्याने डिझाईन करायचं ठरवलेलंच नसतं. दात जिथे टेकतात तिथे डाग पाडणारा निळा कागद चावायला दिला, तर डाग एकाच बाजूला पडले. सगळा भार एका दाढेवर येत होता.

नणंदेच्या ओळखीतल्या तासगावच्या एका बाईंनी याच लोकांकडून गार्ड घेतला होता. त्यांच्या मोबाईलवरचं ‘तुमच्या दातांचं डिझाईन’ आणि माझ्या मोबाईलवरचं, एकच चित्र. कोन तोच, आकडे तेच. दोन बायकांचे जबडे आकड्यानिशी सारखे कसे असतील?

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं : ‘कस्टम मेड वस्तू परत घेतली जात नाही, अटींमध्ये लिहिलंय.’ हीच अट या धंद्याची ढाल आहे. खऱ्या लॅबसाठी ती रास्त आहे, कारण माझ्या तोंडाचा गार्ड दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. पण जी वस्तू माझ्यासाठी बनलीच नाही तिला ती अट लागू कशी? मी हेच लिहून, डॉक्टरांचं लेखी मत आणि दोन्ही चित्रं जोडून पाठवलं. त्यावर निम्मे पैसे देऊ, पण तुम्ही ऑनलाईन टाकलेला अभिप्राय काढून टाका, असा निरोप आला. मी नकार दिला. त्यानंतर त्यांनी नंबर ब्लॉक केला.

आता कायद्याचं. ऑनलाईन विक्रीचे २०२० चे नियम आहेत. त्यानुसार विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. ते झालं नाही म्हणून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केलीय : विक्रेता कुठल्याही शहरातला असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझं प्रकरण सांगलीतच दाखल केलंय. पैसे घेऊन विक्रेता सरळ गायबच झाला असेल तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवायचं. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

स्कॅनवरून गार्ड बनवणं ही पद्धत खोटी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. माझा आताचा गार्ड त्याच स्कॅनवरून, आमच्या डॉक्टरांमार्फत लॅबमध्ये बनलाय. त्यांनी डिझाईन माझ्यासमोर पडद्यावर फिरवून दाखवलं. मी आधी फट शोधली, होती. रेझिनच्या बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर बिलावर आहे. हे मागणं फाजील नाही. प्रिंट झालेला गार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील प्रकाशात पुरेसा वेळ पक्का करावा लागतो, नाहीतर न घट्टावलेलं रसायन त्यात उरतं, आणि ती वस्तू रात्रभर आपल्या तोंडात असते. तोंडात वापरण्यासाठी मान्य असलेलं रेझिन आणि खेळणी प्रिंट करायचं रेझिन दिसायला सारखंच पारदर्शक असू शकतं. बसवताना डॉक्टरांनी निळा कागद देऊन दोन्ही बाजूंचे डाग सारखे येईपर्यंत घासून दिला. हे शेवटचं काम कुरियरने येणाऱ्या कुठल्याच गार्डला होत नाही.

तरीही कुणाला परस्पर मागवायचा असेल, तर पैसे देण्याआधी डिझाईनची फाईलच मागा, नुसतं चित्र नको. एसटीएल फाईल ब्राउझरमध्ये फुकट उघडता येते. आपल्या तोंडात काहीतरी वेगळं असतंच : काढलेली दाढ, तुटलेला कोपरा, एकावर एक चढलेले पुढचे दात. ते त्या फाईलमध्ये शोधा. कोणता नोंदणीकृत दंतवैद्य जबाबदार आहे, त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक लेखी घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य दंत परिषदेकडे असते. ‘टीम आहे’ हे उत्तर आलं तर तिथेच थांबा.

आणि ज्यांच्याकडे असा गार्ड आधीच आलाय, त्यांनी तो घालणं बंद करा पण फेकू नका. गरम पाण्यात घालून पुन्हा चावूही नका, त्याचा मूळ आकार हाच पुरावा आहे. डबी, कुरियरचं लेबल, यूपीआयची पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा. डिझाईनचं चित्र आलं असेल तर त्यातले दात मोजा.