फिरवायचं स्टीलचं पुरणयंत्र: पाट्याची जागा घेतं का?

आजीच्या हातची पुरणपोळी घरी जमत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा लाटण्यात नसतो, पुरणात असतो. पाट्यावर वाटलेलं पुरण मऊ आणि तरीही कोरडं असायचं. मिक्सरमध्ये डाळ फिरायला पाणी घालावं लागतं, मग पुरण चिकट होतं आणि पोळी कडेने फुटते. म्हणून बेळगावच्या गणपत गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानांत मिळणारं हे यंत्र: स्टीलचं भांडं, तळाला बदलता येणारी जाळी, वर तिरपी पाती आणि फिरवायचा दांडा.

काम चोख होतं, पण अट एकच. पुरण गरम असतानाच यंत्रात गेलं पाहिजे. गार झालं की गूळ आळतो, पाती अडते आणि दांडा जोर लावून फिरवावा लागतो. तीच बहुतेकांची तक्रार असते, आणि ती यंत्राची नव्हे.

अर्धा किलो हरभरा डाळ दोन तास भिजवून, हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्याव्यात. दाणा बोटात दाबला की पीठ झाला पाहिजे. मधे पांढरी कणी दिसली तर अजून एक शिट्टी. कणी राहिलेली डाळ कुठलंच यंत्र बारीक करत नाही, ती जाळीवर तशीच गोळा होते. मग चाळणीवर कट पूर्ण निथळू द्यावा. तो आमटीला लागतोच. डाळीत अर्धा किलो गूळ घालून, उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत आटवावं. महालिंगपूरचा साधा पिवळसर गूळ उत्तम. चिकीचा घेऊ नये, त्याने पुरण ताणतं आणि गार झाल्यावर कडक होतं. वेलची, जायफळ शेवटी.

यंत्रासोबतच्या जाळ्यांपैकी सर्वांत बारीक जाळी सणाच्या घाईत नको. पुरण रेशमासारखं निघतं खरं, पण वेळ दुप्पट लागतो. मधली पुरेशी आहे. एकावेळी वाटीभरच घालावं. पाती उलटी फिरवली की पुरण वर चढतं. चार-पाच फेऱ्यांनंतर अर्धी फेरी मागे घेतली तर जाळीला चिकटलेलं सुटतं. जाळीखाली लोंबणारं पुरण उलथन्याने खरवडून घ्यायचं, टाकायचं नाही.

एवढ्या पुरणात साधारण अठरा ते वीस पोळ्या होतात. कणकेत दोन वाट्या गव्हाच्या पिठाला एक वाटी मैदा, मीठ, हळद घालून सैल मळावं आणि वरून तेल घालून दोन तास मुरवावं. पारी लिंबाएवढी, पुरण तिच्या दीडपट. यंत्रातून निघालेल्या पुरणात गुठळी नसते, त्यामुळे एवढं भरूनही पोळी लाटताना फाटत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

उणिवाही सांगायला हव्यात. दांड्याखालची स्प्रिंग सैल असेल तर पाती जाळीला टेकत नाही आणि निम्मं पुरण वरच राहतं. दुकानातच भांडं उलटं करून पाती दाबून बघावी, फटीतून उजेड दिसला तर दुसरं मागावं. हलक्या पत्र्याचं यंत्र पातेल्यावर डगमगतं, एका हाताने धरायला माणूस लागतो. अॅल्युमिनियमचं स्वस्त पडतं, पण घासल्यावर काळं पडतं, स्टीलच घ्यावं. पाव किलो डाळीच्या घरासाठी लहान आकार चालतो, त्याहून जास्त पुरण असेल तर मोठंच.

बेळगावी मांड्यांसाठी मात्र हे यंत्र आणू नये, त्यांत पिठीसाखर आणि तूप, वाटण्याजोगं काहीच नाही.

वापरून झालं की लगेच कोमट पाण्यात बुडवावं. वाळलेलं पुरण भोकांतून काढायला ब्रश लागतो, आणि नट तसाच ओला राहिला तर पुढच्या होळीला गंजलेला निघतो.