पोरांची चित्रं: जपायची की फोटो काढून रद्दीत?

मे महिन्यात दप्तरं रिकामी झाली की हा प्रश्न येतोच. यंदा वहिनींनी विचारला.

जागेच्या बाबतीत फोटो सरळ जिंकतो. खर्च दोन्हीकडे किरकोळ.

टिकण्याचं मात्र तसं नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात माळ्यावरच्या फायलीला कसर लागते, तेलखडूचा रंग समोरच्या पानावर उतरतो, पोस्टर कलरचे पापुद्रे निघतात. मध्ये बटर पेपर घातला तर बराच फरक पडतो. लॅमिनेशन नकोच, एकदा केलं की निघत नाही. फोटोला कसर लागत नाही, पण फोन बिघडला की सगळंच गेलं. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवी. शिवाय चिकटवलेला कापूस, रंगाचे जाड थर फोटोत सपाट होतात. (चिकटवलेल्या डाळी-तांदळाचा मात्र फोटोच बरा, त्यात किडे होतात.)

मेहनत फोटोत जास्त. खिडकीच्या उजेडात, सावली पडू न देता एकेक काढायचा आणि वय लिहून ठेवायचं. निम्मे लोक इथेच कंटाळतात.

भाड्याचं घर, सारखी बदली असेल तर फोटो. कोरडं कपाट असेल तर मूळ चित्रं, पण वर्षाला एकच फाइल. गृहपाठाच्या वह्या दोघांनीही खुशाल रद्दीत द्याव्यात. निकालपत्रकं तेवढी आधी बाजूला काढा.